पोटखराब लिहिलेला सडा: पेडणे तालुक्यातल्या एका गावाच्या नकाशाचं प्रकरण

गोव्यात जमिनीचा उतारा म्हणजे फॉर्म 1 आणि 14. त्यावर क्षेत्राचे रकाने असतात: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड आणि शेवटी पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. मी भूगोल शिकवतो. वर्षानुवर्षं हा कागद हाताळला, पण तो नीट वाचला तो या प्रकरणात. महसुलाच्या कागदावर खाजन, केर, मोरड असे शब्द असावेत ही साधी गोष्ट नाही. मोरड म्हणजे डोंगराच्या पायथ्याची उंचावरची, निचऱ्याची, पावसावर एकच पीक देणारी जमीन. केर म्हणजे मधल्या पट्ट्यातली रेताड जमीन. तिथे पाणी हाताशी असतं, म्हणून सरदीनंतर, म्हणजे पावसाळी पिकानंतर, वायंगण हे दुसरं पीकही होतं. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेलं शेत. माती, उंची आणि पाणी पाहून पाडलेले हे वर्ग आहेत. पर्यावरणीय वर्गीकरण हा शब्द कोणी उच्चारण्याच्या कितीतरी आधी आपल्या लोकांनी ते केलं होतं.

सडा म्हणजे जांभ्याचं उघडं, खडकाळ पठार. त्याच्यासाठी मात्र या कागदावर रकाना नाही. शेती होत नाही म्हणून सडा पोटखराबीत जातो, वर्ग अ मध्ये. हे प्रकरण त्या रकान्याचं आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. पेडणे तालुक्यातलं आहे एवढं पुरे. वर जांभ्याचा सडा, त्याच्या कडेला रानाचा उतार, उताराखाली कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, मग मोरड, केर, आणि तळाशी खाडीला लागून खाजन. रवळनाथाच्या देवळापासून वर चढलात तर अर्ध्या तासात सड्यावर, खाली उतरलात तर तेवढ्याच वेळात मानशीवर, म्हणजे खाजनाच्या पाण्याच्या दारांवर. मोप्याचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि तालुक्यातल्या सड्यांकडे पाहण्याची नजर बदलली. आमच्या सड्याच्या एका तुकड्यावर गाड्या आणि गोदामं यांसाठी मोठं आवार करण्याचा प्रस्ताव आला. अर्जात जमिनीचं वर्णन होतं: ओसाड, खडकाळ, वापरात नसलेली.

गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती होती. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने ती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. नोंदवहीला नकाशा हवा होता. तो करायचं काम माझ्याकडे आलं, कारण संगणकावर नकाशे करणारा गावात मीच होतो.

माझा पहिला नकाशा

मार्च महिना होता. सेंटिनेल-2 या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी एक फेरी, दहा मीटरचा एक ठिपका. मी फेब्रुवारीचं चित्र घेतलं. एकही ढग नाही, अगदी स्वच्छ. पाच वर्ग पाडले: दाट झाडी, विरळ झाडी, शेती, पाणी, खडकाळ ओसाड. सडा संपूर्ण पाचव्या वर्गात गेला. दिसायला नकाशा सुबक होता. ग्रामसभेत मांडला, लोकांनी मान डोलावली.

पुढच्या सुनावणीत प्रस्तावाच्या बाजूने कागद पुढे आले. त्यात माझाच नकाशा होता. समितीनेच ही जमीन ओसाड ठरवली आहे, असं त्याखाली लिहिलं होतं. ते वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. मी खोटं काही काढलं नव्हतं. फेब्रुवारीत सडा तसाच दिसतो: काळा, तापलेला, मध्ये गवताचं पिवळं पडलेलं काड. पण बारा महिन्यांच्या जमिनीवर मी एका महिन्याची चिठ्ठी चिकटवली होती.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, पद्धतीतच ती बसलेली आहे. ढग नसलेलं चित्र हवं म्हणून सगळे कोरड्या ऋतूतलं चित्र घेतात. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ज्या काळात सडा जिवंत असतो, नेमक्या त्याच काळात उपग्रहाचा डोळा ढगाने झाकलेला असतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात 23 वर्ग आहेत, त्यात खडकाळ ओसाड हा एक. एकदा त्यात नाव गेलं की बाहेर काढायला कोणी येत नाही.

जंगलाच्या व्याख्येतही सड्याला जागा नाही. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितलं की जंगल हा शब्द त्याच्या शब्दकोशातल्या अर्थाने घ्यायचा, मालकी कोणाचीही असो. त्यानंतर गोव्यात खाजगी वनं ओळखण्यासाठी आधी सावंत समिती आणि मग कारापूरकर समिती बसली. कसोट्या तीन होत्या: 75 टक्के झाडं वन्य जातींची, किमान 5 हेक्टरचा सलग तुकडा, आणि झाडांच्या छत्राची दाटी निदान 40 टक्के. या कसोट्यांनी पुष्कळ रान वाचवलं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण या कसोट्या झाडांवर उभ्या आहेत. सड्यावर झाड नाही, कारण तिथे झाडाला माती नाही. ते सड्याचं मूळ रूप आहे. उजाड होऊन ते आलेलं नाही. झाड नाही म्हणून जंगल नाही, पीक नाही म्हणून शेत नाही. मग उरतं काय, तर पोटखराब.

मृगापासून पुढे

आम्ही नकाशा मागे घेतला आणि पुन्हा करायचं ठरवलं, यावेळी चालून. मृगापासून पुढच्या वैशाखापर्यंत, दर पंधरवड्याला एक फेरी. सोबत खाजनात जन्म गेलेले एक आबा, गुरं चारणारा एक दादा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी गावातलीच एक मुलगी, आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांचं, सामान गोळा करण्यात जिचा हात कोणी धरणार नाही अशी एक काकी.

पहिल्या दोन पावसांनंतर सडा काळाच होता, पण जवळ वाकून पाहिलं तर खडकाच्या छिद्राछिद्रांतून हिरवा शेवाळी लेप आला होता. जांभा हा पोकळ दगड. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो तांबडा आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. ज्या दगडाचे चिरे काढून आपण घरं बांधतो, तोच हा.

श्रावणात मात्र तिथे पाय कुठे टाकावा हा प्रश्न पडला. एका डबक्यापाशी आम्ही तासभर बसलो. परातीएवढं डबकं, पाणी चार बोटं. मधल्या पाण्यात गेंदाची पांढरी बटणं उभी होती. काठावर, जिथे पाणी नखभरच होतं, तिथे सीतेची आसवं: निळसर जांभळी, टाचणीएवढ्या देठावर. मुलीने एक रोप चिमटीत हळूच उपटून तळहातावर ठेवलं आणि भिंगातून मुळाशी असलेल्या बारीक पिशव्या दाखवल्या. त्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. दगडावर नत्र मिळत नाही, म्हणून हे रोप ते शिकारीतून मिळवतं. दोन हातांवर दवबिंदू, त्याच्या केसांवर चिकट थेंब आणि थेंबाला चिकटलेलं चिलट. डबक्याच्या बाहेर वीतभर अंतरावर माती बोटभर झाली आणि तिथे लगेच गवत बदललं. आणखी पुढे मातीचा थर वीतभर, तिथे कवल्याची पिवळी फुलं आणि गुडघाभर गवत. एका परातीच्या भोवती पाच पावलांत चार निरनिराळी घरं होती.

दादाने एक सुटा दगड उलटला. खाली गांडुळासारखं काहीतरी वळवळलं, पण ते गांडूळ नव्हतं. त्याला जबडा होता. देवगांडूळ. पाय नसलेला हा उभयचर प्राणी बेडकाचा भाऊबंद. दादाने दगड जसा होता तसा परत ठेवला. ‘‘हांव ल्हानपणासून पळयतां, नांव आज कळ्ळें,’’ तो म्हणाला. लहानपणापासून पाहत आलेला, नाव मात्र आज कळलं.

दहा मीटरच्या ठिपक्यात हे कसं बसवायचं? तो ठिपका म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि त्यात ही चारही घरं कालवलेली. आम्ही दोरी घेतली. पन्नास मीटरची दोरी सड्यावर सरळ ताणायची आणि तिच्या कडेने चालत प्रत्येक पावलाखाली काय आहे ते लिहायचं: उघडा कातळ, साचलेलं पाणी, बोटभर मातीचं गवत, वीतभर मातीचं गवत, भेग. सड्याच्या वेगवेगळ्या भागांत अशा ओळी टाकल्या. मग दिसलं की सडा सगळीकडे सारखा नाही. पूर्वेकडच्या अंगाला उतार जास्त, पाणी थांबत नाही, कातळच कातळ. मधला भाग ताटासारखा खोलगट, डबकी त्यातच. पश्चिमेची कड भेगाळलेली, तिथे करवंदीची जाळी आणि खुरटलेली झाडं. प्रत्येक घराला वेगळी रेघ ओढणं या मोजमापात शक्य नव्हतं. म्हणून आम्ही मिश्र वर्ग केले आणि प्रत्येकात कोणतं घर किती प्रमाणात आहे ते दोरीच्या नोंदीवरून लिहिलं. प्रस्तावातला तुकडा बरोबर मधल्या ताटात येत होता.

कोरड्या महिन्यांतही सडा रिकामा नव्हता. चैत्रात माळटिटवीने उघड्या खडीत अंडी घातली होती. दगडाच्याच रंगाची, अगदी जवळ जाईपर्यंत दिसली नाहीत. ज्या पट्ट्याला मी ओसाड म्हटलं होतं, तो तिला तसाच उघडा हवा असतो.

झरींची माळ

या प्रकरणाचं वजन कशाने फिरलं असेल, तर झरींनी. काकीला आम्ही विचारलं होतं की माटोळीला बांधायची कवंडळं, घागऱ्या, माट्टीची फळं, आंबाडे ती कुठून कुठून आणते. ती जागा सांगत गेली आणि प्रत्येक जागेची खूण झरीवरून देत गेली: वडाच्या झरीवरचा उतार, बामणाच्या झरीखालची जाळी. सड्याच्या भोवती इतक्या झरी आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही एकेका झरीवर जाऊन मोबाइलवर ठिकाण आणि उंची टिपली.

संध्याकाळी ठिपके नकाशावर टाकले आणि मी थबकलो. सगळ्या झरी जवळजवळ एकाच उंचीवर, सड्याच्या कडेखाली गळ्यात माळ घालावी तशा. कारण समजायला वेळ लागला नाही. वरचा जांभा पोकळ, पाणी आत घेणारा. त्याच्या खाली मऊ चिकण थर, पाणी खाली न सोडणारा. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून उतरतं, त्या थरावर अडतं आणि जिथे डोंगराची कूस कापली गेली आहे तिथून बाहेर फुटतं. झरींची माळ म्हणजे त्या दोन थरांचा सांधा. गावाच्या कुळागरांचे पाट याच माळेवरून निघतात. सुपारी, नारळ, मिरवेल, केळी, सगळं या पाण्यावर.

आबांनी त्या दिवशी एकच वाक्य सांगितलं: ‘‘हे झरीक उदक सड्याचें. शिगम्यामेरेन पुरता.’’ म्हणजे शिगम्यापर्यंत, पाऊस थांबल्यानंतरही चार-पाच महिने. आम्ही त्याची नोंद ठेवायला लागलो. झरीखाली कळशी धरायची आणि भरेपर्यंत आकडे मोजायचे. गणपतीत मोजायला सुरुवात करेपर्यंत कळशी वाहायची. दिवाळीत थोडे आकडे व्हायचे. शिगम्याला शंभराच्या पुढे गेले. एका झरीचं पाणी मात्र बाकीच्यांच्या आधीच आटलं. तिच्या डोक्यावर सड्याचा जो भाग येतो, तिथे जुनी चिरेखाण आहे. खाणीनेच ती आटली असं एका वर्षाच्या नोंदीवरून मी म्हणणार नाही, आणि अहवालातही आम्ही तसं लिहिलं नाही. दोन्ही गोष्टी नकाशावर शेजारी शेजारी मात्र दाखवल्या आहेत.

खाजनातला पेच

सड्याचं उत्तर आम्हाला शेवटी खाजनाने दिलं.

खाजनाच्या एका कोपऱ्यात काही वर्षांपूर्वी बांधाला भगदाड पडलं होतं आणि ते बुजवलं गेलं नाही. बाहेर भरती आली की मानशीच्या फळ्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. पण बांधच फुटला तर मानशीला अर्थ उरत नाही. खारं पाणी रोज दोनदा आत येऊ लागलं. एकेकाळी जिथे कोरगुट हे खारं पाणी सोसणारं भात पिकत होतं तिथे तिवरं उभी राहिली. आता त्या कोपऱ्याला काय म्हणायचं? उताऱ्यावर खाजन. उपग्रहात दाट झाडी. किनारा नियमन क्षेत्राच्या नजरेत खारफुटी, म्हणजे हात लावायचा नाही. आबांच्या मते ते त्यांचं शेत, ज्यात त्यांच्या आजोबांनी चिखल वाहून बांध घातला.

प्रत्येकाचं बरोबर होतं. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे: खाजन जमिनींचे नकाशे करावेत, त्यांच्या कडेची खारफुटी राखावी, खाजनाचा व्यवस्थापन आराखडा करावा आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये. खाजन आणि खारफुटी दोन्ही राखायची आहेत, पण एकाच जागी एक दुसऱ्याला खाऊ लागली की नकाशावरच्या एका रंगाने भागत नाही.

दोन रात्री आम्ही यावर भांडलो. मग मुलीने तोडगा सुचवला. प्रत्येक तुकड्याला दोन नोंदी द्यायच्या. पहिली, जमिनीचा साचा: उंची, खडक किंवा माती, आणि पाणी कसं येतं-जातं. हा सहसा बदलत नाही. दुसरी, आजचं रूप: आज, या ऋतूत तिथे काय आहे. तो कोपरा मग असा लिहिला गेला: साचा खाजन, भरतीच्या पातळीखालची बांधाआडची जमीन, रूप तिवरांचं रान, बांध फुटल्यानंतरचं. आबांनी ते वाचलं आणि म्हणाले, यात खोटं काही नाही. पुढे काय करायचं हा निर्णय वेगळा. पण तो घेणाऱ्याला दोन्ही गोष्टी दिसतील.

हीच पद्धत वर नेली आणि सड्याचा गुंता सुटला. साचा: जांभ्याचं पठार, मध्ये खोलगट, पाणी आत घेणारं, झरींच्या माळेच्या डोक्यावर. रूप: श्रावणात फुललेलं उथळ पाणथळ, कार्तिकात सुकतं गवत, फाल्गुनात उघडा कातळ. फेब्रुवारीच्या माझ्या चित्राने फक्त एक रूप पाहिलं होतं आणि मी त्यालाच साचा समजलो होतो. दुसऱ्यांदा मी चित्रं निवडली ती ऑक्टोबरपासून मेपर्यंतची, महिन्याला एक, आणि पावसाळ्यासाठी ढगातून पाहणारी सेंटिनेल-1 ची रडार चित्रं. आता सडा आणि खरोखर उजाड झालेली चिरेखाण वेगळे दिसले. पावसानंतर सडा हिरवा होतो आणि मग पिवळा पडतो. खाणीचा तळ बाराही महिने तसाच. एका चित्रात ते दोघे जुळे भाऊ वाटतात.

ग्रामसभेत

नवा नकाशा भिंतीवर लावला तेव्हा मी आधी जुना लावला आणि चूक कुठे झाली ते सांगितलं. मग नवा. लोक सड्याकडे पाहतच नव्हते. जो तो आपल्या घरामागची झर शोधत होता. ज्यांच्या कुळागराचा पाट मधल्या ताटाखालच्या झरींवर होता, त्यांनी पुढचे प्रश्न स्वतःच विचारले. प्रस्तावाच्या बाजूने आलेल्या माणसाने विचारलं की मग गावात काहीच करायचं नाही का? प्रश्न रास्त होता. पूर्वेच्या उताराच्या कातळावर डबकी नाहीत आणि झरींचा भार कमी आहे, तिथला विचार वेगळा होऊ शकतो, असं आम्ही नकाशावर बोट ठेवून सांगितलं. त्या दिवशी ग्रामसभेने ठराव केला: मधल्या ताटाची नोंद ओसाड म्हणून कुठेही करू नये आणि सुनावणीसाठी नवा नकाशा पाठवावा. जुना नकाशा मागे घेतल्याचं पत्र माझ्या सहीने सोबत गेलं. प्रकरणाचा निकाल अजून लागायचा आहे.

उताऱ्यावरचा रकाना ग्रामसभा बदलू शकत नाही. तिथे पोटखराब तसंच आहे. नोंदवहीत मात्र सड्याला पाच पानं मिळाली. डबक्यांच्या पानावर मुलीने काढलेलं सीतेच्या आसवांचं चित्र आहे, झरींच्या पानावर कळशीचे आकडे महिन्यावार. ते आकडे आता शाळेतली मुलं घेतात, प्रत्येक झरीला दोघं.

एक काम मात्र हातात राहिलं आहे. सड्याचं ताट गावाच्या शिवेवर संपत नाही. जवळजवळ अर्धं शेजारच्या गावात जातं. आमच्या नकाशावर शिवेपलीकडे कोरा कागद आहे. वडाच्या झरीचं पाणी ज्या बाजूने येतं ती बाजू तीच. तिथल्या पंचायतीकडे आम्ही दोरी, जुनी चूक आणि नवा नकाशा घेऊन जाणार आहोत, पण पाऊस सुरू झाल्यावर. त्याआधी गेलो तर त्यांनाही आपला सडा काळाच दिसेल.